फोटो कुठला लावायचा?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. या शनिवारी हापिसात कुठलंही रिलीज नव्हतं, पावसामुळे सिंहगडाचा बेत रद्द झाला, आणि कित्येक महिने डोक्यात घोळत असलेला एक विषय अखेर कागदावर (म्हणजे कीबोर्डवर) उतरवायला सापडला. विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

१८ मे २०१५. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, परीक्षा चालू होती आणि एम-टू नावाच्या राक्षसाने सगळ्यांची झोप उडवली होती. दुपारी मेसमध्ये जेवायला गेलो तर टीव्हीवर सगळ्या चॅनेलवर एकच बातमी. केईएममधली परिचारिका अरुणा शानबाग गेली. पडद्याचे दोन भाग केलेले. डावीकडे एक कृष्णधवल फोटो, तरुण मुलीचा. उजवीकडे रुग्णालयातल्या खाटेवरची एक म्हातारी बाई, केस बारीक कापलेले. खाली पट्टी सरकतेय, '४२ वर्षे कोमात'.

आमच्या मेसच्या मावशी पोळ्या वाढता वाढता टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "ह्या दोघी बहिणी का रे?"

आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "मावशी, एकच आहे ती." मावशी काहीच बोलल्या नाहीत, पोळीवर तूप लावलं आणि पुढे गेल्या. मला मात्र नंतर खूप वर्षं तो प्रश्न आठवत राहिला. कारण त्या दोन फोटोंच्या मध्ये जी बाई बेचाळीस वर्षं जगली तिचा पडद्यावर फोटोच नव्हता. होत्या त्या खरंच दोघी. एक 'आधीची', एक 'नंतरची'. आणि दयामरणाच्या वादात बातमीला नेहमी या दोघीच लागतात.

हे कधीपासून सुरू झालं याचा शोध घेत घेत मी थेट १९७५ सालच्या न्यू जर्सीत जाऊन पोचलो. (माझा काका न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. त्याच्या घरापासून गाडीने फार लांब नाही ते गाव. काकाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.)

एप्रिल १९७५ मध्ये कॅरेन अ‍ॅन क्विनलन नावाची २१ वर्षांची मुलगी एका पार्टीनंतर बेशुद्ध पडली ती पुन्हा भानावर आलीच नाही. डेनव्हिलच्या सेंट क्लेअर्स रुग्णालयात तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. काही महिन्यांनी तिच्या आईवडिलांनी, जोसेफ आणि ज्युलिया क्विनलन यांनी, ते यंत्र काढा अशी विनंती केली. डॉक्टर नाही म्हणाले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि अमेरिकेतले झाडून सगळे पत्रकार मॉरिसटाउनच्या कोर्टाबाहेर गोळा झाले.

आता पत्रकारांची अडचण अशी की ज्या मुलीबद्दल सगळं चाललंय ती दिसतच नाही. ती बंद खोलीत. कुटुंब धार्मिक, साधं; त्यांनी तिचा आजारातला फोटो बाहेर येऊ दिला नाही. मग उरला काय? तिच्या हायस्कूलच्या वार्षिकांकातला फोटो. मधोमध भांग, खांद्यावर मोकळे सोडलेले लांब सरळ केस, शांत चेहरा. तोच फोटो सगळीकडे छापून आला. आणि त्या फोटोला शोभेल असं नावही मिळालं, 'स्लीपिंग ब्युटी'. म्हणजे परीकथेतली निद्रिस्त राजकन्या. लोक वाचत होते 'मृत्यूचा हक्क', आणि डोळ्यांसमोर येत होती छान झोपलेली एक सुंदर मुलगी.

कोर्टात मात्र डॉक्टर वेगळंच सांगत होते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचं वर्णन आहे. कॅरेनचं वजन निदान चाळीस पौंडांनी, म्हणजे अठरा किलोंनी घटलं होतं. अंग गर्भातल्या बाळासारखं मुडपलेलं. डोळे उघडायचे, तोंडातून आवाज यायचे. हे सगळं उघड सुनावणीत सांगितलं गेलं, पेपरांत छापूनही आलं. पण आतल्या पानावर, शब्दांत. पहिल्या पानावर वार्षिकांकातली मुलगी. शब्द आणि चित्र यांची कुस्ती लागली तर कोण जिंकतं हे काय सांगायला हवं?

३१ मार्च १९७६ ला कोर्टाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हेंटिलेटर काढला. सगळ्यांची अपेक्षा, आता ती जाणार. आणि ती गेलीच नाही! स्वतःचा श्वास स्वतः घेत कॅरेन पुढे नऊ वर्षं जगली, एका शुश्रूषागृहात. नळीने अन्न चालू होतं, ते बंद करा असं आईवडिलांनी कधीच म्हटलं नाही. त्यांचा आक्षेप फक्त त्या यंत्राला होता. जून १९८५ मध्ये न्यूमोनियाने ती गेली, एकतीस वर्षांची. बातमीसोबत पुन्हा तोच वार्षिकांकातला चेहरा. मधल्या नऊ वर्षांची कॅरेन, जिच्याकडे तिचे आईवडील जात-येत राहिले, ती कुणी पाहिली नाही. मला विचाराल तर तिच्या आईवडिलांनी बरोबर केलं. पण त्या बरोबर वागण्यातून एक पायंडा पडला, तो असा की या वादात आजारी माणसाच्या जागी त्याचा निरोगी फोटो उभा राहतो.

१९७५ साली हे चालून गेलं कारण तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता. पुढच्या गोष्टीत कॅमेरा आहे.

फ्लोरिडा. २५ फेब्रुवारी १९९० ला टेरी शायव्हो, वय २६, घरात कोसळली. हृदय बंद पडलं, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. पुढची पंधरा वर्षं पोटातल्या नळीतून अन्न. नवरा मायकल म्हणाला की असं जगायला तिला आवडलं नसतं, नळी काढा. तिचे आईवडील, शिंडलर दांपत्य, म्हणाले की ती आम्हाला ओळखते, हसते, नळी काढू नका. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. नळी २००१ मध्ये काढली, दोन दिवसांत परत बसवली. ऑक्टोबर २००३ मध्ये काढली, सहा दिवसांत फ्लोरिडाच्या विधिमंडळाने खास कायदा करून परत बसवली. नंतर तो कायदाच कोर्टाने घटनाबाह्य ठरवला.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. २००२ साली कोर्टाने नेमलेल्या आणि दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी टेरीची तपासणी केली, तिचं चित्रीकरण झालं. एकूण चार तासांहून जास्त. त्यातले मिळून जेमतेम सहा मिनिटांचे तुकडे आईवडिलांच्या बाजूने लोकांसमोर आले आणि टीव्हीवर ते पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ते तुकडे तुमच्यापैकी कुणी पाहिले असतील. आई जवळ येते, टेरीचा चेहरा उजळल्यासारखा वाटतो. डोळ्यांसमोर एक फुगा फिरवला जातो, नजर त्याच्या मागे गेल्यासारखी वाटते. पाहणारा माणूस दगडाचा असेल तरच म्हणेल की हिला काही कळत नाही.

न्यायाधीश जॉर्ज ग्रीअर यांनी मात्र सगळं चित्रीकरण पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, मोजलं! (इथे माझ्यातला टेस्टर त्यांच्या पाया पडला.) नोव्हेंबर २००२ च्या त्यांच्या आदेशात आकडे आहेत. आईवडिलांच्या बाजूच्या डॉक्टरने टेरीला १०५ सूचना दिल्या, त्याच्या सांगण्यावरून आईने आणखी ६. त्याने ६१ प्रश्न विचारले, आईने ११. म्हणजे एकूण १११ सूचना आणि ७२ प्रश्न. त्यांतल्या कशालातरी उत्तर म्हणता येईल अशा हालचाली न्यायाधीशांना फारच थोड्या दिसल्या. आणि ज्या दिसल्या त्या टीव्हीवरच्या सहा मिनिटांत होत्या.

आपल्या क्षेत्रातल्यांना हे चटकन कळेल. सर्व्हर पडतो, दोन टीम भांडतात, आणि प्रत्येक जण चाळीस हजार ओळींच्या लॉगमधून आपल्याला हव्या त्या चार ओळी मेलमध्ये चिकटवतो. ओळी खऱ्याच असतात. कुणी एक अक्षर खोटं लिहिलेलं नसतं. तरी मेल खोटा असतो.

त्या सहा मिनिटांनी काय केलं बघा. १७ मार्च २००५ ला अमेरिकी सेनेटमधले बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट, जे पेशाने हृदयशल्यचिकित्सक, सभागृहात उभे राहिले आणि आदल्या रात्री आपल्या कार्यालयात तासभर व्हिडिओ पाहून त्यांनी टेरीच्या निदानावर शंका घेतली. हृदयाचा डॉक्टर, मेंदूचं निदान, तेही टेप बघून. १८ मार्चला नळी काढली. २० आणि २१ मार्चच्या मधल्या रात्री काँग्रेसने एका बाईसाठी कायदा केला. अध्यक्ष बुश टेक्सासहून त्यासाठी वॉशिंग्टनला परतले आणि रात्री एकनंतर त्यांनी सही केली. कोर्टांनी तरीही नळी परत बसवायला नकार दिला. ३१ मार्च २००५ ला टेरी गेली. क्विनलन निकालाला त्या दिवशी बरोबर एकोणतीस वर्षं झाली होती.

जूनमध्ये शवविच्छेदनाचा अहवाल आला. मेंदूचं वजन ६१५ ग्रॅम, म्हणजे अपेक्षेच्या साधारण निम्मं. आणि मेंदूचा जो भाग पाहण्याचं काम करतो तो मेलेला होता. टेरीला दिसत नव्हतं.

तो फुगा आठवतोय ना?

(जाता जाता एक तांत्रिक तपशील. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ ला चढवला गेला, टेरी गेल्यावर तेवीस दिवसांनी. हा सगळा गोंधळ यूट्यूब यायच्या आधीचा. आज काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.)

इथे मला तिच्या आईवडिलांवर टीका करायची नाही. ते खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही. आपल्या मुलीच्या चार तासांतली कुठली सहा मिनिटं जपायची, हा प्रश्न कुठल्याही आईला विचारला तर ती हीच सहा मिनिटं निवडेल. मायकलच्या बाजूनेही निवड होतीच. तिच्या थडग्याच्या दगडावर त्याने दोन तारखा कोरून घेतल्या. या जगातून गेली ती २५ फेब्रुवारी १९९० ला, आणि शांत झाली ती ३१ मार्च २००५ ला. म्हणजे मधली पंधरा वर्षं, ज्यांच्यावर तिचे आईवडील जीव टाकत होते, ती त्याच्या हिशेबात जगण्यात धरलेलीच नाहीत. एकाने सहा मिनिटं ठेवली, दुसऱ्याने पंधरा वर्षं गाळली.

टीव्हीवाल्यांचा दोष मात्र मला स्पष्ट दिसतो. 'हे तुकडे चार तासांतून निवडलेले आहेत' ही एक ओळ प्रत्येक वेळी खाली दाखवायला काय लागत होतं? आणखी एक. टेरी ज्या हॉस्पिसमध्ये होती तिथे इतरही माणसं मरणाच्या दारात होती. त्या दोन आठवड्यांत त्यांच्या नातेवाइकांना निदर्शकांच्या, पोलिसांच्या आणि प्रक्षेपणाच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढून आपल्या माणसाजवळ जावं लागत होतं. मरण या विषयावर चोवीस तास बोलणारे लोक खऱ्या मरणाच्या वाटेत गाड्या लावून उभे होते.

असो. आता मुंबईत येऊ, कारण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर परळलाच आहे.

अरुणाची गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको, पण माझ्या वयाच्या अनेकांना ती 'दयामरणाची केस' म्हणूनच माहीत असते, म्हणून थोडक्यात. २७ नोव्हेंबर १९७३. केईएममधल्या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, लैंगिक अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्याला शिक्षा झाली ती हत्येचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात नव्हताच. तो शिक्षा भोगून बाहेर पडला. अरुणा वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत राहिली. महापालिकेने तिला हलवायचा विचार केला तेव्हा केईएमच्या परिचारिका उभ्या राहिल्या आणि तो बेत बारगळला.

पिंकी विराणींचं 'अरुणाज स्टोरी' १९९८ मध्ये आलं. ती पुन्हा लोकांसमोर आली. २००९ मध्ये विराणींनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की तिला अन्न देणं थांबवावं. त्या याचिकेतली अरुणा म्हणजे हाडांचा सापळा आणि त्यावर ताणलेली कागदासारखी कातडी. मनगटं आत वळलेली, दात किडलेले. आणि केईएमने उत्तरादाखल उभी केलेली अरुणा? ती तोंडाने खाते, चेहऱ्यावरून आवड-निवड कळते, मासे आवडतात, आणि सदतीस वर्षांत तिला अंथरुणातली एकही जखम झालेली नाही. एकच बाई, एकच खोली. बाहेरच्या कुणाला आत जाऊन बघायची मुभा नाही, त्यामुळे वाचणाऱ्याने आपल्या मताला सोयीची अरुणा घ्यावी.

मग कोर्टाने तीन डॉक्टर पाठवले. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी तिला तपासलं. त्यांच्या अहवालातलं वर्णन मी तीनदा वाचलं, कारण या सगळ्या गदारोळात मला सापडलेलं तेवढंच एक वर्णन कुणाच्याच बाजूने नाही. ती जागी आहे, पण भोवतालचं भान असल्यासारखं वाटत नाही. अंग कृश. स्वच्छ, नीटनेटकी, अंथरुणात मुटकुळं करून पडलेली. डावा हात हलतो. तोंडातून आवाज काढते, विशेषतः खोलीत फार माणसं जमली की.

विशेषतः खोलीत फार माणसं जमली की! एवढं एकच वाक्य सगळ्या संपादकांनी टेबलावर लावायला हवं होतं.

२ मार्च २०११ ला या तपासणीची सीडी सर्वोच्च न्यायालयात पडद्यावर दाखवली गेली, हजर असलेल्या सगळ्यांना दिसावी म्हणून. न्यायमूर्ती काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांच्या निकालपत्रात याचा उल्लेख आहे, आणि असं भर कोर्टात दाखवण्याला आधार म्हणून न्यायालयाने न्यूरेंबर्ग खटल्याचा दाखला दिला आहे. तिथे नाझी अत्याचारांचं चित्रीकरण कोर्टात दाखवलं होतं म्हणून. कायद्याच्या दृष्टीने तो निव्वळ पूर्वीचा दाखला असेल, मी वकील नाही. पण ते वाचताना मी थबकलो. न्यूरेंबर्गला पडद्यावर गुन्ह्याचा पुरावा होता. इथे पडद्यावर काय होतं? अरुणावरचा गुन्हा १९७३ चा. पडद्यावर दिसत होती ती सदतीस वर्षं नीट सांभाळलेली एक रुग्ण. तिला विचारायची सोय नव्हती, हेही खरंच. तिचा फोटो पेपरात आला काय, कोर्टात पडदा लावला काय, परवानगी देणारी व्यक्ती एकच होती आणि ती देऊ शकत नव्हती.

निकाल ७ मार्चला आला. अरुणासाठी विनंती नाकारली, तिच्याबद्दल ठरवायचा हक्क विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं म्हटलं, आणि त्याच निकालाने देशात निष्क्रिय दयामरणाचं दार किलकिलं केलं. केईएममध्ये परिचारिकांनी पेढे वाटले. काहींना ते खटकलं होतं. मला नाही खटकत. ज्यांनी रोज तिला भरवलं त्यांना एक दिवस पेढे वाटायचा हक्क होता.

आता आपल्या भाषेकडे बघू, कारण फोटोइतकाच घोळ शब्दांनीही घातला. मराठी बातम्यांत या प्रकरणात तीन शब्द सर्रास फिरत होते. कोमा, इच्छामरण, दयामरण. अरुणा कोमात नव्हती. कोमातला माणूस जागा होत नाही, डोळे उघडत नाही. ती झोपायची, उठायची, खायची. डॉक्टरी भाषेत याला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. जेनेट आणि प्लम या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये ही संज्ञा मांडली. शरीराचं चलनवलन चालू, पण जाणीव नाही, एवढाच तिचा अर्थ. इंग्रजी पेपरांनी त्याचं 'व्हेजिटेबल' करून टाकलं, म्हणजे माणसाची भाजी. आपण निदान ते केलं नाही, आपण 'कोमा' म्हणून मोकळे झालो. पण कोमा म्हटलं की झोपलेली राजकन्या येते, आणि मग खाटेवरचा फोटो बघून धक्का बसतो.

'इच्छामरण' म्हटलं की आपल्याला बाणांच्या शय्येवरचे भीष्म आठवतात, उत्तरायणाची वाट बघत, सगळ्यांना उपदेश करत. तो शब्द अरुणाला लावला जात होता, जिची इच्छा कळायला कुठलाच मार्ग नव्हता. आणि 'दयामरण' हा शब्द तर मरणाच्या आधीच निकाल देऊन टाकतो. मारणं ही दया, म्हणजे जगवणं ही निर्दयता. मग त्या पेढे वाटणाऱ्या बायका कोण झाल्या? याउलट केईएमच्या परिचारिकांना 'देवदूत' म्हणणारे मथळेही तितकेच पक्के होते. त्यांनी विराणींना खलनायिका करून ठेवलं, जिने निदान पंचवीस वर्षं विसरलेल्या बाईचं नाव लोकांना आठवून दिलं होतं.

आणि या सगळ्यात १९७३ ची ती रात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात एका ओळीची झाली. 'हल्ल्यानंतर ती कोमात गेली.' बस.

इतका वेळ मी दुसऱ्यांच्या सहा मिनिटांवर बोलतोय. आता माझे वीस सेकंद.

२०२२ मध्ये पुण्यात आमचे आजोबा, वय ८४, मेंदूत रक्तस्राव होऊन आयसीयूत होते. व्हेंटिलेटर. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की सुधारणा होईल असं वाटत नाही, पुढचं काय ते घरच्यांनी बोलून ठरवा. बाबा म्हणाले, धाकट्या भावाशी बोलतो. म्हणजे एडिसनचा काका. त्याला लगेच तिकीट मिळत नव्हतं. तो फोनवर सारखा म्हणत होता, "अरे, मला दाखव तरी ते कसे आहेत!"

आयसीयूत फोन न्यायचा नव्हता, पण नेला. तीन दिवसांत मिळून सात व्हिडिओ काढले. सहा व्हिडिओंत आजोबा नुसते पडून आहेत, यंत्राबरोबर छाती वरखाली होतेय. सातव्यात मी त्यांच्या तळहातावर बोट ठेवलं आणि त्यांची मूठ वळली, घट्ट. वीस सेकंदांचा तो व्हिडिओ मी काकाला पाठवला. बाकीचे सहा नाही पाठवले. तेव्हा मी कसलाही विचार केला नव्हता. मला वाईट बातमी द्यायची नव्हती, एवढंच.

काका रडला. म्हणाला, "बघ, हात धरला त्यांनी! काही काढायचं नाही." तो व्हिडिओ मग आत्याकडे गेला, नाशिकला गेला, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. डॉक्टरांना दाखवला तर ते शांतपणे म्हणाले, "तळहाताला स्पर्श झाला की अशी मूठ वळते. तान्ह्या बाळातही असतं हे. ओळखीचं लक्षण नाही." पण तोवर डॉक्टरांच्या शब्दांसमोर आमच्याकडे चित्र होतं.

आजोबा आणखी अकरा दिवस राहिले. त्या अकरा दिवसांत घशात दुसरी नळी गेली, किडनीसाठी यंत्र आलं, हातांना सूज आली. काका आला तो नवव्या दिवशी. काचेतून पाहिलं आणि मला म्हणाला, "तू पाठवलेल्या व्हिडिओत तर..." आणि पुढे बोललाच नाही.

मी आजवर त्याला बाकीच्या सहा व्हिडिओंबद्दल सांगितलेलं नाही. ग्रीअरसाहेबांचा तो आदेश मी पहिल्यांदा वाचला तेव्हा १११ आणि ७२ हे आकडे बघून मला टेरीची नव्हे, त्या सहा फायलींची आठवण झाली.

दिवाणखान्यात आजोबांचा फोटो आहे, निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार, हातात नारळ. सगळे म्हणतात छान आहे. छान आहेच.

अरुणाच्या अंत्ययात्रेला भोईवाड्याच्या स्मशानभूमीत खूप गर्दी होती, कॅमेरे होतेच. इतक्या वर्षांनी नातेवाईक आले म्हणून परिचारिका चिडल्या, आणि शेवटी एक नातेवाईक आणि केईएमचे अधिष्ठाता अशा दोघांनी मिळून अग्नी दिला. ज्या खोलीत माणसं जमली की ती अस्वस्थ व्हायची, ती खोली त्या दिवशी रिकामी होती.

पुढचा कायदा तिच्याच प्रकरणाच्या खांद्यावर उभा राहिला. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येईल असं सांगितलं. ती पद्धत इतकी किचकट होती की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नसेल, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की झालं, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला नको. शुद्धीत असताना, स्वतःच्या शब्दांत.

गेल्या रविवारी हे सगळं आईला सांगत होतो. ती मटार सोलत होती. म्हणाली, "मला आणून दे तो कागद. मी भरते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्यात एक लिही. माझे व्हिडिओ काढायचे नाहीत."

मी नमुना मसुदा उघडून पाहिला. उपचारांबद्दल सगळं आहे, पण फोटो-व्हिडिओबद्दल काहीच नाही. आई म्हणाली, "मग खाली हाताने लिही."